शाळेचा रिकामा वरांडा आणि सराफ बाजारातली रांग

शेंगाचटणी | ११ मे २०२४, रात्री १०:४०

मंडळी, चार दिवस मनात साठलंय, आज लिहून टाकते.

मी सोलापुरात शिक्षिका आहे. ७ मेला लोकसभेच्या मतदानासाठी माझी ड्युटी पहिली मतदान अधिकारी म्हणून होती, म्हणजे मतदार यादी माझ्यापुढ्यात. माणूस आला की त्याचं ओळखपत्र बघायचं, अनुक्रमांक आणि नाव मोठ्यानं वाचायचं, नावावर रेघ मारायची, बाई असेल तर अनुक्रमांकाला गोलही करायचा. आदल्या दुपारी मशीन, शाई, पाकिटं, लाख असं सगळं साहित्य घेऊन केंद्रावर पोचलो. रात्री वर्गातच सतरंजी टाकून झोपलो आणि पहाटे साडेपाचला मॉक पोल, म्हणजे मशीनची चाचणी, सुरू केला. सातला दार उघडलं तेव्हा पंचवीसेक माणसं उभी होती, त्यात म्हातारी जास्त. एक आजी तर नऊवारी नेसून, केसात गजरा माळून आल्या होत्या.

साडेदहा-अकरापर्यंत बरी वर्दळ होती. मग वरांडा रिकामा व्हायला लागला. बारा ते चार तर मी, बाकीचे तिघं, पोलिंग एजंट आणि दारातला पोलीस, एवढेच. पंखा गरम हवा फेकत होता. मी यादीची पानं पुढं-मागं करत बसले होते. अकराशेच्या आसपास नावं होती. काही पानांवर तीन-चारच रेघा, बाकी सगळं कोरं. एका पानावर एकाच आडनावाची सात माणसं, एकही आलं नाही. चारनंतर थोडी माणसं आली. सहाला दार लावलं तेव्हा निम्म्याहून थोडी जास्त नावं झाली होती.

मग १० मे, शुक्रवार, अक्षय तृतीया. लेकीच्या वेढणीसाठी, म्हणजे सोन्याच्या अंगठीसाठी, दीड वर्ष भिशी भरली होती, म्हणून दुपारी साडेबाराला सराफ बाजारात गेले. ऊन तेच. दुकानाबाहेर मंडप, थंड पाण्याचे जार, हातात टोकन, आणि मंडपाच्या बाहेरपर्यंत माणसं. कडेवर मूल घेतलेल्या बाया, काठी टेकत आलेले आजोबा. दर तोळ्याला सत्तर हजारांच्या पुढं, तरी कुणी मागं फिरत नव्हतं. मी तिथं पाऊण तास उभी होते, आणि सगळा वेळ डोळ्यापुढं शाळेचा तो वरांडा होता.

मी कुणाच्या खरेदीवर बोट ठेवत नाही, मीही रांगेत होतेच. पण उन्हामुळं लोक आले नाहीत हे आता मला पटत नाही. मला दिसलं ते असं: सोन्यासाठी आपण किती आधीपासून तयार असतो! पैसे कधीपासून साठवतो, दर रोज बघतो, बोटाचं माप काढून ठेवतो, पॅन कार्ड पर्समध्ये घालून निघतो. आणि मतदानाला? त्या दिवशी सकाळी माझ्यापुढं येऊन माणसं विचारत होती, "मॅडम, माझं नाव कुठाय?"

सगळ्यात जास्त लागलं ते एका जोडप्याचं. सत्तरीच्या पुढचे. घर बदलून काही वर्षं झालेली. रिक्षा करून आले, जुनं मतदान कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेलं. यादीत नाव नाही. बाहेर बीएलओनं, म्हणजे मतदार यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यानं, मोबाईलवर शोधलं, जुन्या पत्त्यावरही सापडलं नाही. आजोबा म्हणाले, "कार्ड हाय की हे." कार्ड असून भागत नाही, यादीत नाव लागतं, हे मी त्यांना तीनदा समजावलं. दोघं पायरीवर बसले, पाणी प्याले आणि परत गेले. त्या दोघांना कुणी आधी सांगायला हवं होतं? मुलानं? शेजाऱ्यानं? आम्ही?

सोलापूर मतदारसंघ २०१४, २०१९ आणि आता २०२४, तिन्ही वेळा साठ टक्क्यांच्या आतच राहिला. यावर बोलूया का?

---

जुळेकर | ११ मे, रात्री ११:१५

अगदी मनातलं लिहिलंत. दोष सरळ आपल्या सुशिक्षित वस्त्यांचा आहे. सुट्टी जोडून मिळाली की गाड्या काढून महाबळेश्वर गाठायचं आणि वर्षभर रस्त्यावरचे खड्डे मोजायचे. आमच्या अपार्टमेंटच्या ग्रुपवर ६ तारखेला टीव्हीच्या ऑफरचे सत्तर मेसेज होते, मतदानाचा एक.

---

निवृत्त कारकून | ११ मे, रात्री ११:५०

जुळेकर, एक दुरुस्ती. ७ मे मंगळवार होता. सुट्टी जोडून आली नव्हती, सोमवारी सगळी कार्यालयं चालू होती. कारण दुसरीकडं शोधायला हवं. सकाळी सविस्तर लिहितो.

---

पूर्वभाग | १२ मे, सकाळी ७:०५

ताई, तुमचं लिहिणं मनाला लागलं. पण सराफाच्या दारातली रांग म्हंजे सगळं सोलापूर न्हाई की ओ. आमच्याकडं येऊन बगा एकदा.

आमची आई विड्या वळते. मजुरी हजार विड्यांवर. मतदानाच्या दिवशी कारखाना बंद म्हंजे माल घेत न्हाईत, म्हंजे त्या दिवसाचा पैसा न्हाई. तरी आई, मावशी आणि गल्लीतल्या बाया मिळून सकाळी साडेसातला जाऊन मत टाकून आल्या. जाताना मराठीत बोलत गेल्या, येताना तेलुगूत भांडत आल्या, पण गेल्या सगळ्या. आमच्या आईला सही येत न्हाई, अंगठा देती. तिला विचारलं तर म्हणती, "वर्षात एकच दिवस साहेब लोक माझं नाव मोठ्यानं वाचतेत."

नाना यंत्रमागावर टॉवेल काढतेत. सुट्टी जाहीर झाली, पण पगार मालावर. माग चालला तर पैसा. मालकानं सांगितलं, मत टाकून या आणि मग पाळीला लागा. नाना गेले, पण त्यांच्याबरोबरचे दोघं रात्रपाळी करून झोपले ते संध्याकाळीच उठले. त्यांना आळशी म्हणू का मी? मला न्हाई म्हणवत.

मी काय सांगायलालो, न येणारा प्रत्येक माणूस एसीत बसलेला असतोय असं धरू नका.

---

शेंगाचटणी | १२ मे, सकाळी ७:४०

पूर्वभाग, तुमच्या आईंचं वाक्य वाचून डोळ्यात पाणी आलं. नाव मोठ्यानं वाचणारी मीच होते, पण त्याचा असा अर्थ कुणासाठी असू शकतो हे माझ्या मनातही आलं नव्हतं. माझं लिहिणं एका रांगेवरून झालं, हे मान्य.

---

निवृत्त कारकून | १२ मे, सकाळी ९:३०

बरीच वर्षं निवडणूक शाखेत काम केलंय, म्हणून थोडं लांबतंय.

आधी पूर्वभागच्या मुद्द्याबद्दल. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १३५ ब. मतदानाच्या दिवशी मतदाराला भरपगारी सुट्टी द्यावी लागते, रोजंदारीवरच्या माणसालासुद्धा. मोडणाऱ्या मालकाला दंड आहे ५०० रुपयांपर्यंत. विडी आणि यंत्रमागावर मजुरी नगावर असते. तिथं "त्या दिवसाचा पगार" कसा मोजायचा यावरच घोडं अडतं, आणि ५०० रुपयांसाठी तक्रार करायला कुणी कामगार जात नाही. सोलापुरात ही अडचण मोठी आहे, कारण इथली बरीच वस्ती याच धंद्यांवर उभी राहिली.

आता टक्केवारी. ती यादीतल्या नावांवर काढतात. त्या यादीत मयत आहेत, लग्न होऊन गेलेल्या मुली आहेत, पुण्याला-हैदराबादला गेलेली पोरं आहेत, एकाच माणसाचं दोन पेठांत नाव आहे. ताईंना दिसलेली ती सात कोरी नावं कदाचित कधीच गाव सोडून गेलेल्या कुटुंबाची असतील. म्हणून उरलेल्या चाळीस टक्क्यांतला प्रत्येकजण घरात बसला होता असं म्हणता येत नाही. तरीही बसलेले पुष्कळ होते, हे मी माझ्या गल्लीतच पाहिलं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. उमेदवारी अर्ज भरायची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरती यादी गोठते. मग नाव चढत नाही, निघत नाही. आपल्या टप्प्यासाठी ती तारीख होती १९ एप्रिल. अर्जाची चौकशी व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणजे प्रत्यक्षात एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच अर्ज जायला हवा होता. त्या आजी-आजोबांसाठी दार ७ मेच्या कितीतरी आधी लागलं होतं.

हिशेबही बघा. अकराशे नावं आणि सात ते सहा असे अकरा तास, म्हणजे तासाला शंभर माणसं. प्रत्येकाचं ओळखपत्र, सही, शाई, मग यंत्रावर बटण दाबून चिठ्ठी सात सेकंद दिसेपर्यंत थांबणं. सगळे आले तर दुपारचे चार तास रिकामे ठेवून भागणारच नाही. त्यामुळं दुपारी सावली आणि पाणी द्यायलाच हवं. सराफानं मंडप घातला तसा केंद्रावर मंडप घाला, ही मागणी मी नोकरीत असतानाही करत होतो.

---

तळ्याकाठी | १२ मे, सकाळी ११:०५

मी ७ तारखेला गेलो नाही. मुद्दाम गेलो नाही, आणि इथं कबूल करतो.

दुकानात पैसे टाकले की वस्तू हातात मिळते. मत टाकून मला काय मिळालं? उजनी धरणात पाणी असो वा नसो, आमच्या भागात चार-पाच दिवसांआड नळ येतो. कधी रात्री दोनला. बायको उठून मोटार लावते. तीस वर्षं मत दिलं, पाण्याचा दिवस जवळ आला नाही, लांबच गेला. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, तेव्हापासून प्रशासक. नगरसेवकच नाही, तर नळाचं गाऱ्हाणं सांगायचं कुणाला? मत द्यायची हौस आहे त्यालासुद्धा गेली दोन वर्षं शहरासाठी मत देता आलेलं नाही. अशा वेळी माणूस पोरांना घेऊन बाजारात गेला, चार तास आनंदात घालवले, तर त्याला नावं ठेवू नका.

---

अक्का ७२ | १२ मे, सकाळी ११:३०

तळ्याकाठी, पाण्याचं दुःख मला सांगू नका, मीही रात्री दोनला उठणाऱ्यांतलीच. पण मी मत दिलं. न देऊन नळ लवकर येतो का?

---

तळ्याकाठी | १२ मे, सकाळी ११:४२

नाही येत, अक्का. पण देऊनही आला नाही.

---

शेंगाचटणी | १२ मे, दुपारी १:१०

तळ्याकाठी, तुम्ही खरं बोललात याबद्दल आभार. तुमचा राग मला उदासीनतेपेक्षा कितीतरी जवळचा वाटतो. पण तुम्ही गेला नाहीत हे कुणालाही कळलेलं नाही. मी यादी घेऊन बसले होते म्हणून सांगते: रागानं न आलेला, गाव सोडून गेलेला आणि वारलेला, तिघांचीही जागा सारखीच कोरी दिसते. रागाची वेगळी खूण त्या कागदावर नाही. नोटाचं, म्हणजे 'यापैकी कुणीही नाही'चं, बटण दाबलं असतंत तर निदान ते मोजलं गेलं असतं, २०१३ पासून ती सोय आहे.

महापालिकेबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के पटतं. ती निवडणूक व्हायलाच हवी, यासाठी सगळ्यांनी मिळून बोललं पाहिजे.

---

हडपसरहून | १२ मे, दुपारी ३:२०

निवृत्त कारकून काकांनी लिहिलेल्या "पुण्याला गेलेल्या पोरां"तली मी एक.

नऊ वर्षं पुण्यात आहे. नाव अजून सोलापूरच्या यादीत, आईच्या घराच्या पत्त्यावर. गड्ड्याच्या जत्रेला येते. गौरी-गणपतीला येते. दिवाळीच्या आधी तर नवी पेठेत कपडे घ्यायला मुद्दाम येते, कारण आईला तिथलंच दुकान लागतं. अडीचशे किलोमीटर, साडेचार तास, कधी उभ्यानं. आणि ७ मेला? मंगळवारी मध्येच एक दिवस, ऑफिस पुण्यातलं, पुण्याचं मतदान १३ मेला, मग माझ्या ऑफिसला ७ तारखेची सुट्टी कशाची? रजा मागितली असती तर मिळाली असती. मी मागितली नाही. हे वाचेपर्यंत तसं स्वतःशी म्हटलंही नव्हतं.

उद्या पुण्यात मतदान आहे. माझ्या मजल्यावरचे सगळे जातील आणि मी ऑफिसची सुट्टी घेऊन घरी बसेन.

नाव हलवायचं ठरवलं तरी हात होत नाही. ते आईच्या रेशनकार्डासारखं वाटतं, तिथून काढलं की आपण त्या घरातले नाही असं. हा वेडेपणा आहे का?

---

निवृत्त कारकून | १२ मे, दुपारी ४:००

वेडेपणा नाही, बाळ. पण कायदा विचारतो ते एवढंच, की तू राहतेस कुठं. जिथं नेहमी राहतेस तिथं नाव असावं. अर्ज क्रमांक ८ भर, पत्ता बदलण्यासाठी तोच. नवं नाव घालायला ६, मयताचं किंवा दुबार नाव काढायला ७. मोबाईलवरून भरता येतात, नाहीतर बीएलओकडं कागदावर. अडलं तर १९५० हा क्रमांक आहे. तुझ्या आईकडची पाटी पुसली जात नाही त्यानं.

आणि ज्यांच्या घरात पोरं मोठी होतायत त्यांच्यासाठी: आता वर्षाला चार तारखा धरतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. त्या तारखेला अठरा पूर्ण झाली की नाव घालता येतं. १७ झाल्यावर आगाऊ अर्जही घेतात. गाडीचं लायसन काढायला पोरगं अठराव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी जातं, त्याच आठवड्यात हेही उरकून घ्या.

---

जुळेकर | १२ मे, संध्याकाळी ६:१५

शाई लावलेलं बोट दाखवा आणि सवलत मिळवा, असं काही दुकानदार करतात. ते मला चांगलं वाटतं. बाजाराच्या उत्साहाचा थोडा उपयोग इकडं होऊ द्या.

---

अक्का ७२ | १२ मे, संध्याकाळी ६:४०

मला नाही आवडत. दहा टक्के सवलतीसाठी मत दिलं तर उद्या पाकिटासाठीही देतील.

---

उलटा पंचा | १२ मे, रात्री ९:२०

सगळं वाचलं. एक आठवण करून द्यावीशी वाटते, कारण तारखा याच आहेत.

१९३० चा मे महिना. गांधीजींना अटक झाल्यावर आपलं गाव पेटून उठलं. गोळीबार झाला, माणसं गेली, आणि त्यानंतरचे ९, १०, ११ मे हे तीन दिवस इंग्रजांची सत्ता सोलापुरात उरली नव्हती. १२ मेला मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. गिरणी कामगारांचं, व्यापाऱ्यांचं, सगळ्या धर्मांचं गाव होतं ते.

त्या वेळी मताचा अधिकार मालमत्ता आणि कर भरणाऱ्या मूठभरांना होता. त्या तीन दिवसांत रस्त्यावर उतरलेल्या बहुतेकांचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. प्रत्येक प्रौढ माणसाला, बाईला मताचा अधिकार मिळाला तो १९५१-५२ च्या निवडणुकीला.

ताई १० मेला सराफ बाजारात उभ्या होत्या. ९४ वर्षांपूर्वी १० मेला त्याच पेठांमधून माणसं कशासाठी फिरत होती, हे तुमचा धागा वाचताना सारखं मनात येत राहिलं. माझे पणजोबा गिरणीत होते. त्यांनी मतदान केलं की नाही हे घरात कुणाला ठाऊक नाही, पण मार्शल लॉच्या गोष्टी आजी सांगायची. मी ७ तारखेला चार हुतात्मा पुतळ्यापाशी थांबून मग मत द्यायला गेलो.

---

पूर्वभाग | १२ मे, रात्री ९:५५

अण्णा, काटा आला अंगावर. आईला वाचून दाखवलो.

---

तळ्याकाठी | १२ मे, रात्री १०:३०

वाचलं. पुढच्या वेळी जाईन. पाण्याबद्दलचं माझं म्हणणं मात्र तसंच आहे.

---

शेंगाचटणी | २४ नोव्हेंबर २०२४, सकाळी ८:२०

धागा वर काढते, कारण मधल्या काळात थोडं घडलं.

पावसाळ्यात याद्यांचं पुनरीक्षण चालू होतं, तेव्हा आम्ही सहाजणींनी गल्लीतल्या सत्तर घरांची नावं तपासली. रोज शाळा सुटल्यावर दोन-तीन घरं. पहिल्या आठवड्यात लोकांना वाटलं कुठल्या तरी पक्षाच्या आहोत, दारातूनच परत पाठवलं. मग गल्लीतल्या किराणा दुकानदार काकांनी यादीची प्रत गल्ल्यापाशी ठेवली आणि काम सोपं झालं. तेल-साखर घ्यायला आलेला माणूस तिथंच बोट फिरवून नाव शोधायचा. अकरा घरांत काही ना काही चूक निघाली. दोन सुनांची नावं माहेरीच होती. एका घरात वारलेल्या सासऱ्यांचं नाव काढायला मुलगा तयार होईना, म्हणाला राहू दे तेवढं. आम्ही जोर केला नाही.

२० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान झालं. राज्यात ६६ टक्क्यांच्या आसपास, लोकसभेला ६१ च्या घरात होतं. यात आमच्या सत्तर घरांचा वाटा कणभराचाही नाही, हे मला कळतं. माझी ड्युटी या वेळी दुसऱ्याच केंद्रावर होती आणि दुपारीही माणसं येत होती. नोव्हेंबरचं ऊन मवाळ, हेही खरं.

एक तारीख मात्र मनात राहिली. या वेळी उमेदवारी अर्जांची मुदत २९ ऑक्टोबरला संपली, म्हणजे यादी गोठली त्या दिवशी धनत्रयोदशी होती. नवी पेठेत पाय ठेवायला जागा नव्हती.

मे महिन्यातलं ते जोडपं मला परत भेटलं नाही. त्यांचा पत्ता मी विचारून ठेवला नव्हता, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

---

हडपसरहून | २४ नोव्हेंबर, सकाळी १०:०५

मी अर्ज ८ भरला होता, सप्टेंबरात नाव पुण्यात आलं. २० तारखेला इथं मत दिलं. आईनं फोनवर पहिलं विचारलं, "कुणाला दिलंस?" मी नाही सांगितलं. मग म्हणाली, "बरं, जेवलीस का?"

---

तळ्याकाठी | २४ नोव्हेंबर, दुपारी १२:५०

गेलो होतो. बायकोलाही नेलं. आज नळ येऊन चौथा दिवस आहे.

महापालिकेची निवडणूक लागेल तेव्हा प्रभागाप्रमाणं यादी फोडतात म्हणे. त्यात माणसं भलत्याच प्रभागात जातात असं ऐकलंय. ती तपासायची तर कशी? आमच्या भागात तीनशे घरं आहेत, मी आणि माझा मेव्हणा दोघंच आहोत सध्या.

---

निवृत्त कारकून | २४ नोव्हेंबर, दुपारी १:३०

विधानसभेची यादीच प्रभागनिहाय विभागतात, आधी प्रारूप प्रसिद्ध होते आणि हरकती घ्यायला थोडे दिवस देतात. ते दिवस फार कमी असतात, म्हणून घरांची वही आत्ताच करून ठेवा: घर क्रमांक, माणसं, यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक. प्रारूप आलं की नुसतं ताडून बघायचं. शनिवारी पाचला मी मोकळा आहे, तुमच्या भागात येतो. कुठं यायचं तेवढं कळवा.

---

पूर्वभाग | २४ नोव्हेंबर, दुपारी १:४५

मी पण येतो काका. आईपण येती म्हणायलाली, बायांच्या घरात ती जाईल.